वाणात दिलेल्या सतरा फ्लॉप्या

मला राग लवकर येतो आणि आनंदही लवकर होतो. दोन्ही वेळेला आवाज सारखाच चढतो, त्यामुळे घरातल्यांना नेमकं काय झालंय ते कळायला जरा वेळ लागतो. त्या दुपारी शाळेतून परत आले आणि चपला काढायच्या आधीच दारातून ओरडले, तेव्हा सासूबाई हातात लाटणं घेऊनच बाहेर धावल्या. त्यांना वाटलं रिक्षावाल्याशी भांडून आले. मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून हलवलं आणि सांगितलं, काम मिळालं! घरात बसून करायचं काम, आणि तेही लग्नपत्रिका-बित्रिका नाही, शाळेच्या वार्षिक परीक्षेचे पेपर टाइप करायचे!

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. नेरूळला आमची सोसायटी नवीन होती, जिन्याला अजून चुन्याचा वास यायचा. लग्नाआधी मी एका वकिलाकडे मराठी टायपिस्ट होते. मुलगी झाली आणि ते सुटलं. मग वाशीला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले. तिथे खोलीबाहेर चपला काढायला लावायचे आणि एसीत पाय असे गारठायचे की मी पर्समध्ये मोजे घेऊन जायची. कीबोर्डवर मराठी अक्षरं पडताना बघितली त्या दिवशी मी ठरवलं, हे यंत्र माझ्या घरात आलंच पाहिजे. नवरा पावणे गावातल्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. तो म्हणाला, आधी काम आण, मग मशीन आणू. आता काम आणलं होतं, म्हणजे त्याची पंचाईत झाली होती.

पण शाळेच्या मोठ्या बाईंच्या अटी होत्या, आणि त्या ऐकताना माझा चेहरा पडला होता. आदल्या वर्षी त्यांनी पेपर एका प्रेसला दिले होते. परीक्षेच्या तोंडावर प्रेसच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला, पेपर गेले, आणि सगळ्या शिक्षकांनी बसून स्टेन्सिल हाताने खरडले. त्यामुळे बाईंनी बांध फुटल्यासारखं सगळं एकदम सांगितलं. मशीनला कुलूप हवं. व्हायरसचा बंदोबस्त हवा. शाळेतल्या कुठल्याही मुलाच्या आईबापाने त्या मशीनला हात लावायचा नाही. आमच्या बिल्डिंगमधली अर्धी मुलं त्याच शाळेत होती, हे त्यांना माहीत होतं. माझी मुलगी बालवाडीत, तिला पेपरच नाही, म्हणून तर मला बोलावलं. पेपर टाइप करून, दोनदा वाचून झाला की शिक्षकांचा हाताने लिहिलेला कागद फाडून टाकायचा. फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे नाहीत, फ्लॉप्या इकडेतिकडे जातात. शेवटच्या दिवशी एकाच फ्लॉपीवर सगळे घेऊन शाळेत यायचं आणि बाईंच्या समोर प्रिंट काढायची. आणि व्हायरस लागला तर त्याच दिवशी काम बंद, पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

मी सगळ्याला हो म्हणून आले होते. व्हायरसचा बंदोबस्त कशाशी खातात ते मला कुठे माहीत होतं? पण माहिती असणारं माणूस आमच्या बिल्डिंगमध्येच होतं. तळमजल्यावरच्या ताई. पाच वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर गेले आणि त्यांच्या जागेवर ताईंना बेलापूरच्या सरकारी ऑफिसात लावून घेतलं. फायली उचलायला लावतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्या कॉम्प्युटर विभागात जाऊन बसल्या आणि दोन वर्षांत तिथल्या सायबांना शिकवायला लागल्या. मुलगी नववीत, अर्थात त्याच शाळेत. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. माझं सगळं रामायण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शनिवारी मला सुट्टी आहे, आपण दोघी जाऊ.

तो शनिवार म्हणजे काय सांगू! दागिने घ्यायला निघाले असते तरी एवढी नटले नसते. नवऱ्याचा बोनस त्याच्याच खिशात, तो आमच्या मागून पाच पावलांवर, आणि पुढे आम्ही दोघी. वाशीच्या पहिल्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने सांगितलं, मॅडम, आमच्या मशीनला व्हायरस येतच नाय, टेन्शनच घेऊ नका. ताईंनी पर्स खांद्याला लावली आणि सरळ बाहेर पडल्या. मी म्हटलं, अहो, काय झालं? त्या म्हणाल्या, ज्याला व्हायरस येतच नाही असं वाटतं त्याच्याकडून बंदोबस्त काय घ्यायचा. मला इतकं पटलं की रस्त्यातच टाळी मागितली.

दुसरं दुकान बेलापूरला, ताईंच्या ऑफिसजवळ. तिथे मी नुसती हरखून बघत बसले. दुकानदार मॉडेम दाखवत होता, फोनची वायर लावली की जगाशी संबंध म्हणे. मला तो लगेच हवा झाला. ताई म्हणाल्या, तुला पेपर टाइप करायचेत, जगाशी काय बोलायचंय? जेवढी दारं कमी तेवढी राखण सोपी. मॉडेम कटाप. सीडीचा ड्राइव्ह, स्पीकर, सगळं कटाप. त्याऐवजी त्यांनी असा डबा निवडला की ज्याच्या तोंडाशीच कुलूप होतं. किल्ली फिरवली की कीबोर्ड मुका. वर चालू करताना पासवर्ड. नवऱ्याने विचारलं, हा डबा दिसायला असा मळकट का? मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

मग अँटीव्हायरस. काउंटरवर तीन खोकी आली. एक परदेशी, इतकं चकचकीत की आत साडी असावी असं वाटावं. एक तर फुकटच होतं, दुकानदार कॉपी करून द्यायला तयार. तिसरं आपल्याकडच्याच कुणीतरी बनवलेलं, साध्या पुठ्ठ्यातलं. मी अर्थातच चकचकीतवर हात ठेवला. ताईंनी दुकानदाराला एकच विचारलं, यांची नवीन यादी कधी येते? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की व्हायरस ओळखायला त्यांची यादी लागते, आणि रोज कुणीतरी नवा व्हायरस सोडत असतं, म्हणजे यादी जुनी झाली की अँटीव्हायरस असून नसल्यासारखा. परदेशी खोक्याची यादी पोस्टाने यायची, कधी यायची ते देवाला ठाऊक. फुकटवाल्याची येतच नव्हती. पुठ्ठ्यातल्याची दर महिन्याला दुकानातच मिळायची, आपली फ्लॉपी घेऊन जायची आणि भरून आणायची. शिवाय त्यात एक फ्लॉपी अशी होती की तिची पट्टी सरकवून कायमची बंद केलेली, तिच्यावर काहीच लिहिता येत नाही, म्हणून तिला व्हायरस लागू शकत नाही. मशीन आजारी पडलंच तर ते या फ्लॉपीवरून चालू करायचं. ताईंनी ते पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात दिलं. यादी मी दर महिन्याला ऑफिसातून येताना आणत जाईन, तू फक्त खाली येऊन घेऊन जा, म्हणाल्या.

घरी आलं तेव्हा सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. मी जुन्या लुगड्याचं झालरीचं कव्हर शिवलं. किल्ली सेफ्टीपिनने मंगळसूत्रात अडकवली, आंघोळीलाही काढली नाही. ताईंनी दोन नियम शिकवले. बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घालायची नाही, आणि मशीन बंद करताना फ्लॉपी आत विसरायची नाही. डिसेंबर महिना मी नुसती उडत होते. नवरा कामावर गेला, मुलगी बालवाडीत गेली की मी दार लावून घ्यायची आणि पेपर टाइप करायची. पाचवीचं गणित, सातवीचा भूगोल. कागद फाडायच्या आधी फाइल पुन्हा एकदा उघडून बघायची, कारण आता तो पेपर जगात फक्त माझ्या डब्यात होता. महिन्याच्या सुरुवातीला खाली जायची, यादीची फ्लॉपी घ्यायची, ताईंच्या हातचा चहा प्यायची आणि ऑफिसातल्या गमती ऐकायची. इतकं हसायचो की त्यांची मुलगी आतून म्हणायची, मावशी, हळू, मी अभ्यास करतेय.

आणि मग आली संक्रांत.

हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावर माझं डोकं चालायला लागलं. बायका गाळण्या देतात, डबे देतात, चमचे देतात. माझ्याकडे कॉम्प्युटर आहे आणि मी गाळणी देऊ? मी ठरवलं, फ्लॉपी द्यायची! आत तिळगुळाचं शुभेच्छापत्र, रांगोळी, आणि जिचं तिचं नाव घालून केलेली एक पाटी. बिल्डिंगमध्ये कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता ही गोष्ट खरी, पण नवऱ्यांच्या ऑफिसात होते, मुलांच्या शाळेत होते. आणि नसला तरी काय, नव्या जमान्याचं वाण! नवरा म्हणाला, आमच्या ऑफिसात जुन्या फ्लॉप्यांचं खोकंच पडलंय, टाकूनच देणार आहेत. तो घेऊन आला. मी त्यांची जुनी लेबलं पाण्याने सोडवली आणि पतंगाचं चित्र काढून नवी चिकटवली. सासूबाईसुद्धा शेजारी बसून खळ लावून देत होत्या.

बायकांची यादी मी कॉम्प्युटरवरच केली. सतरा नावं झाली. मजल्यामजल्याने करत तळमजल्यावर आले आणि हात थांबला. मी सासूबाईंना विचारलं, ताईंचं काय? त्या म्हणाल्या, तिचं काय? आपल्यात न्हाई बोलवत, तिलाबी म्हाईत हाय. त्या साताऱ्याकडच्या, बोलल्या तेही काही वाकड्यात नाही, पोळीला तूप लावतात का असं विचारल्यावर सांगावं तितक्या सहज. आणि मी? भाजीवाल्याला एका जुडीवरून घाम फोडणारी मी, एक शब्द बोलले नाही. मान खाली घातली आणि यादी बंद केली.

दोन दिवसांनी ताई जिन्यात भेटल्या. व्हायरसची नवीन यादी आणलीये गं, येऊन घेऊन जा, म्हणाल्या. मी हो हो म्हटलं. पण कुठल्या तोंडाने जाणार होते? खाली गेले असते तर चहा झाला असता, चहाबरोबर संक्रांतीचा विषय निघाला असता. म्हणून आज नको उद्या जाऊ असं करत राहिले. त्यांच्या दाराचा आवाज आला की मी जिन्याच्या वळणावर थांबायची, त्या आत जाईपर्यंत. एकदा तर मुलीच्या तोंडावर हात ठेवला, ती ताईमावशी म्हणून हाक मारेल म्हणून. आणि वर येऊन नवऱ्याने पावण्याहून आणलेल्या त्या फ्लॉप्या जुन्याच यादीने तपासल्या. मशीन म्हणालं, सगळं स्वच्छ. मीही मानलं. त्या गडबडीत एक फ्लॉपी आत राहिली आणि मशीन बंद झालं. सकाळी चालू केलं तर पडद्यावर कसलीशी तक्रार. मी फ्लॉपी काढली, बटण दाबलं, चालू झालं. विसरून गेले.

हळदीकुंकू मात्र असं झालं की नाव निघालं! काळ्या साड्यांनी घर भरलं. वाण हातात पडल्यावर एकच हशा. दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली, हिच्यावर कप ठेवायचा का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फ्लॉपी पदराने पुसून ब्लाउजमध्ये ठेवली. मी प्रत्येकीला आत नेऊन तिच्या नावाची पाटी पडद्यावर दाखवली. त्या दिवशी मी हवेत होते. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या आणि आमचा आवाज खालपर्यंत जात असणार, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

आठ दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी, दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बायकोची फ्लॉपी दोन बोटांत धरून वर आले. त्यांनी ती कौतुकाने बेलापूरला आपल्या ऑफिसात नेली होती. मशीनमध्ये घालताच तिथला अँटीव्हायरस कोकलायला लागला, सगळ्यांसमोर. हा व्हायरस म्हणे आत शिरला की फायली हळूहळू कुरतडतो. ते सभ्य माणूस, जास्त बोलले नाहीत, फक्त वहिनी, तुमचं मशीन बघून घ्या, एवढं म्हणाले. ते गेल्यावर मी मशीन चालू केलं आणि सातवीचा भूगोल उघडला. वरच्या चार ओळी मराठीत. खाली नुसते चौकोन.

अकरा पेपर. कागद फाडलेले. दुसरी प्रत कुठेही नाही. मंगळवारी शाळेत जायचं. नवऱ्यावर ओरडले, तुझ्या त्या मेल्या फ्लॉप्या! तो म्हणाला, तपासल्या तू होत्यास. खरंच होतं ते, म्हणून आणखी राग आला. मग मी खाली गेले.

ताईंनी दार उघडलं. मी एका दमात सगळं सांगितलं, फ्लॉप्या, पावणे, भूगोल. नव्या यादीला यायचं राहिलं हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, किती फ्लॉप्या दिल्यास आणि कुणाकुणाला? आता मला त्या सतरा जणींची नावं त्यांच्यासमोर घ्यावी लागली. त्यांनी एकेक नाव कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या,

"मला बोलावलं नाहीस त्याचं काही नाही. पाच वर्षं झाली, सवय आहे. पण मला बघून जिन्यात थांबतेस ना, ते नको करूस. ते लागतं."

मला रडूच फुटलं. त्यांनी रडू दिलं, पाणी दिलं, आणि कपाटातून यादीची फ्लॉपी काढली. तीन आठवडे ती तिथे माझं नाव लिहून ठेवलेली होती. वर जायला निघाल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. म्हणाल्या, माझी नववीत आहे. मोठ्या बाईंनी पालक नको म्हटलंय ना? मी म्हटलं, म्हटलंय. त्या म्हणाल्या, मग दुसरं कुणी बघ. दुसरं कुणी कुठे होतं? आणि असतं तरी मला नको होतं. मी मंगळसूत्रातली सेफ्टीपिन काढली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

वर आल्या, मशीन पूर्ण बंद केलं, ती पट्टी बंद असलेली फ्लॉपी घातली आणि चालू केलं. मी मागे उभी. नवीन यादीने काम सुरू केलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळ आली. सापडला! मी असा आवाज काढला की सासूबाई देवाजवळून उठून आल्या. ताईंनी मला पडद्यावर दाखवलं, हा बघ, इथे बसलाय, मशीन चालू होतं त्या पहिल्या जागेत. फ्लॉपी आत ठेवून तू सकाळी बटण दाबलंस तेव्हा शिरला. तुझ्या जुन्या यादीत हा नव्हता, या महिन्याच्या यादीत आहे. दोन कळा दाबल्या, त्याला काढून टाकलं, आणि पुन्हा तपासलं. स्वच्छ.

मग त्या म्हणाल्या, आता एकेक पेपर उघडून शेवटपर्यंत वाच, कुठे कुरतडलंय ते कळेल. पाचवीचे झाले, ठीक. सहावीचे ठीक. सातवीचा भूगोल अर्धा गेलेला. आठवीचे ठीक. ताई शेजारच्या स्टुलावर बसून मला कुठली कळ दाबायची ते सांगत होत्या. मी नववीच्या फाइलवर आले आणि त्या उठल्या. सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, आई, चहापत्ती कुठल्या डब्यात आहे? नववीचे चार पेपर मी शब्द न् शब्द वाचले, चांगला अर्धा तास लागला. तेवढा वेळ त्या आत होत्या. सासूबाई एकदा बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी विचारलं, ती का उठून आली गं? मी सांगितलं, तिच्या लेकीचे पेपर आहेत म्हणून. सासूबाई थोडा वेळ पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या, त्यांना वाचता येत नव्हतं. मग आत गेल्या. चारही पेपर शाबूत आहेत म्हणून मी ओरडले तेव्हाच दोघी चहा घेऊन आल्या.

आता राहिल्या सतरा फ्लॉप्या. मी म्हटलं, उद्याच दारोदार जाऊन परत आणते. तर सासूबाई म्हणाल्या, दिल्यालं वाण माघारी मागत्यात व्हय? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही हेच सुनावलं. वाण परत देणं म्हणजे अपशकुन, फ्लॉपी मिळणार नाही. मी कपाळाला हात लावला. तोडगा ताईंनीच काढला. म्हणाल्या, परत कोण मागतंय? इथे घेऊन या, साफ करून घ्या, आपलं वाण आपल्या घरी घेऊन जा.

रविवारी सकाळी आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. त्याच बायका, त्याच फ्लॉप्या, आणि मशीनसमोर ताई. प्रत्येकीला आपली फ्लॉपी त्यांच्या हातात द्यावी लागत होती आणि त्यांच्या हातून घ्यावी लागत होती. पहिल्या दोघीतिघी अवघडल्या. एकीने फ्लॉपी टेबलाच्या कडेला ठेवली. ताईंनी ती उचलली, तपासली आणि नाव वाचून तिच्या हातातच दिली. मग पडद्यावर लाल ओळ आली की बायका बघायला गर्दी करायला लागल्या, हिच्यात पण निघाला, हिच्यात पण निघाला, आणि तो गेला की सगळ्या मिळून सुटकेचा श्वास. काकू दोनदा विचारून गेल्या की पुन्हा तर येणार नाही ना. सासूबाई सगळ्यांना तिळगूळ वाटत होत्या, त्यांनी पहिली वडी ताईंसमोर नेऊन ठेवली होती. दुपारपर्यंत सोळा झाल्या. सतरावी उरणला भावाकडे गेली होती, ती सोमवारी आली. सतराच्या सतरा स्वच्छ.

खरं तर इथे गोष्ट संपली असती. मशीन साफ, दहा पेपर शाबूत, अकराव्यासाठी भूगोलाच्या सरांना काहीतरी कारण सांगता आलं असतं. नवरा म्हणाला, गप्प राहा, काम हातचं जाईल. मंगळवारी शाळेत जाताना बसमध्ये मीही तेच ठरवलं होतं. पण मोठ्या बाईंनी फ्लॉपी हातात घेऊन सरळ विचारलं, व्हायरस वगैरे काही झालं नाही ना? मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही ना? आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना. दोन्ही झालं, म्हटलं, आणि सगळं सांगितलं. वाण, भूगोल, ताई. त्यांची मुलगी नववीत आहे हेही सांगितलं.

बाईंचा चेहरा लाल झाला. तुम्हाला पेपर दिले ते कशासाठी, म्हणाल्या. त्यांनी माझ्यासमोर नववीचे चारही पेपर रद्द केले, नववीच्या शिक्षकांना बोलावून नव्याने काढायला सांगितले, हातानेच. पुढच्या वर्षी तुम्हाला काम द्यायचं की नाही ते नंतर बघू, म्हणाल्या. मी सगळं ऐकून घेतलं, माझी चूकच होती. पण मग त्या चष्मा काढून म्हणाल्या,

"एका विद्यार्थिनीची आई अर्धा तास तुमच्या घरात, पेपर समोर उघडे, आणि तिने बघितले नाहीत? तुम्हाला कशावरून एवढी खात्री?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी उभी राहिले. शिपाई दारातून डोकावला इतका आवाज चढला. म्हटलं, रद्द करा, खुशाल करा, मला पुन्हा काम देऊ नका. पण ताईंवर संशय घ्यायचा नाही. त्या माणसासारखं सरळ माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरं नाही, आणि हे मी कुणाहीसमोर सांगेन.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी खाली बसले, आणि बसल्याबसल्या अंगातली सगळी हवा गेली. कुणाहीसमोर सांगेन म्हणाले होते. पण सतरा नावांची यादी करताना हे एकाच माणसासमोर सांगायचं होतं, तेही माझ्याच घरात, आणि तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.